अंदमानला जाताय? मग पाण्यात उतराच!

डिसेंबर लागला की दिल्लीत सकाळचे सात वाजले तरी सूर्याचा पत्ता नसतो. धुके कुठे संपते आणि धूर कुठे सुरू होतो ते कळत नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली ओट्यावर मुक्कामाला येते आणि हवा फारच बिघडली तर मुलांच्या शाळाही बंद ठेवाव्या लागतात. त्याच दिवशी, त्याच घड्याळाप्रमाणे, अंदमानात मात्र पावणेसहाच्या आत उन्हे आलेली असतात, समुद्राचे पाणी कोमट असते आणि कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभे राहून पायाला लागणारे मासे मोजत असते.

दिल्ली, नोएडा, फरिदाबाद, गाझियाबाद या पट्ट्यातून अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या काही थोडी नाही. त्याला एक कारण सरकारी आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मूळ गावी जाण्याच्या एलटीसीऐवजी अंदमान-निकोबारला जाण्याची मुभा केंद्राने दिली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली. म्हणजे हिशेब असा, की यंदा सातारा किंवा अमरावती सोडायची आणि अंदमान घ्यायचे. घरातली मोठी माणसे अर्थातच विचारतात, ‘‘मग यंदा गावी जायचंच नाही का?’’ सुटी म्हणजे गाव, गाव म्हणजे नातेवाईक आणि नातेवाईक म्हणजे घरातल्या बाईला आणखी एक स्वयंपाकघर, हे समीकरण एका वर्षासाठी मोडले तर बिघडले कुठे?

पण अंदमानला पोहोचूनही एक गोष्ट बदलत नाही. कोणत्याही किनाऱ्यावर जाऊन पाहा. वडील आणि मुले पाण्यात, आणि आई वाळूवर. तिच्या एका बाजूला चपलांची रांग, मांडीवर टॉवेल, खांद्याला कॅमेरा, पिशवीत सगळ्यांची पाकिटे आणि चिवड्याचा डबा. ती हसत हात हलवते आणि फोटो काढते. त्यामुळे घरी आल्यावर ती एकाही फोटोत नसते. ‘‘मला पोहता येत नाही ना,’’ असे ती सांगते. खरे तर अंदमान ही अशी जागा आहे, जिथे पोहता न येणाऱ्यालाही समुद्र आतून पाहता येतो. म्हणून हा लेख मुख्यत्वे चपला सांभाळणाऱ्यांसाठी.

आधी कोठडी, मग किनारा

मराठी माणसाच्या मनातले अंदमान सेल्युलर जेलपाशी सुरू होते आणि बरेचदा तिथेच संपते. ते साहजिकही आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजा होत्या, त्यांतल्या आता तीनच उभ्या आहेत. साडेसहाशेहून अधिक कोठड्या, आणि प्रत्येक कोठडीत एकच माणूस, म्हणून हे नाव. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात इथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच शिक्षा भोगत होते. विमानतळालाही सावरकरांचेच नाव आहे. १९७९ मध्ये हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला. पोर्ट ब्लेअर या शहराचे नाव मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम करण्यात आले, तेव्हा तिकिटांवर दोन नावे दिसली तर गोंधळू नये.

पहिल्याच दिवशी दुपारी जेल पाहावा, संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम पाहावा. मुलांना तेलाचा घाणा दाखवावा. बाहेर पडताना सगळे गप्प असतात, ते तसेच असू द्यावे. ‘काळे पाणी’ या शब्दात तुरुंगाची भीती जितकी, तितकीच पाण्याचीही होती. समुद्र ओलांडला की जात बाटते ही समजूत कैक पिढ्यांनी बाळगली. आज ती कुणी मानत नाही, पण आपल्याकडे मुलीला पोहायला शिकवणे ही अजूनही चैन समजली जाते. पाण्यापाशी गेली की ‘‘जपून गं’’ एवढेच तिच्या कानी पडते.

नौकेवर भेटलेले कुटुंब

श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जायला नौकेचा दर्जा पाहून दीड ते अडीच तास लागतात. २०१८च्या डिसेंबरात तीन बेटांची नावे बदलली. हॅवलॉक झाले स्वराज द्वीप, नील झाले शहीद द्वीप आणि रॉस झाले नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. नौकेवाले, रिक्षावाले, हॉटेलवाले अजून जुनीच नावे घेतात.

आमच्या शेजारी नोएडाचे एक मराठी कुटुंब होते. मुलगा, सून, आठ वर्षांचा नातू आणि अठ्ठावन्न वर्षांच्या काकू. काकूंनी जन्म पुण्यात आणि संसार दिल्लीत काढलेला. समुद्र त्यांनी पाहिला होता तो गणपतीपुळ्याला, साडी घोट्यापर्यंत उचलून. नौका हलायला लागली तशी सुनेने उलटीवरची गोळी काढली. खरे तर ती अर्धा तास आधी घ्यायची असते. मग सासूबाईंना मधल्या भागात, खिडकीतून क्षितिज दिसेल अशा जागी बसवले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. नौकेत मोबाइलवर डोके घालून बसणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट होते.

‘‘आई, तुम्ही उतरणार ना पाण्यात?’’ सुनेने विचारले.

‘‘बघू गं. चपलांपाशी कुणीतरी नको का?’’

बेट आणि त्याचे दोन चेहरे

स्वराज द्वीपावरच्या किनाऱ्यांना क्रमांक आहेत आणि गावांना कृष्णाची नावे. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९५०च्या दशकात इथे वसवण्यात आले, त्यांची ही गावे. त्यामुळे जेवणात माशाचा झोल, भात आणि कोशिंबीर, तेही आपल्या जिभेला परके न वाटणारे.

सात क्रमांकाचा राधानगर किनारा पश्चिमेला आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले आणि २०२० मध्ये स्वच्छतेसाठीचे ब्ल्यू फ्लॅग मानांकनही त्याला मिळाले. पांढरी, पिठासारखी वाळू, मागे उंच झाडांची भिंत आणि समोर निळ्याच्या इतक्या छटा, की साड्यांच्या दुकानदारालाही नावे सुचू नयेत. राजन नावाचा हत्ती याच बेटावर पर्यटकांबरोबर समुद्रात पोहत असे. लाकूडतोडीच्या कामासाठी आणलेला हा हत्ती २०१६ साली वयाच्या सहासष्टाव्या वर्षी गेला. आता समुद्रात पोहणारा हत्ती अंदमानला पाहायला मिळेल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

राधानगरला आडवे-तिडवे पोहण्यापेक्षा कंबरभर पाण्यात डुंबावे. जीवरक्षक जिथे उभे असतात त्या पट्ट्यातच राहावे. खडकाळ टोकांकडे आणि खाडीच्या तोंडाकडे अजिबात जाऊ नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये याच बेटावर एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला. ‘मगरींपासून सावध’ असा फलक दिसला की तो फोटो काढण्यासाठी लावलेला नसतो, एवढे मुलांना बजावावे.

प्रवाळ पाहायचे तर एलिफंट बीचला जावे. जेट्टीवरून छोट्या बोटीने किंवा जंगलातल्या पायवाटेने तिथे जाता येते. पायवाट अर्ध्या-पाऊण तासाची, पण पावसानंतर चिखलाची असते. जोडे हातात घ्यायची तयारी हवी.

तोंडाने श्वास घ्यायचा, बस्स!

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर आणि नाकावर बसणारा काचेचा मुखवटा, तोंडात एक नळी आणि पालथे पडून पाण्याखाली पाहत राहणे. जॅकेट अंगात असते, हवा भरलेली ट्यूब हाताशी असते आणि ती ओढत नेणारा मार्गदर्शक सोबत असतो. बुडायला जागाच नसते. अडचण एकच. आयुष्यभर नाकाने घेतलेला श्वास आता तोंडाने घ्यायचा. पहिली दोन मिनिटे गुदमरल्यासारखे होते, कारण आपण घाबरून भराभर श्वास घेतो. किनाऱ्यावर उभे राहून, गुडघाभर पाण्यात तोंड घालून पाच मिनिटे सराव केला तर पुढचे सोपे जाते. मुखवट्याची काच धुरकट झाली तर आतून थुंकी लावून खळाळून टाकावी. हा उपाय ऐकायला ओंगळ, पण जगभरचे पाणबुडे तोच करतात.

मग खाली दिसते ते काय वर्णावे! नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ल्यालेले क्लाऊनफिश, निळ्याजांभळ्या शिंपा, काळ्या काट्यांचे समुद्रसाही. पोपटासारखी चोच असलेला पोपटमासा प्रवाळाचे तुकडे चावतो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो. पांढऱ्या वाळूचा काही भाग या माशाच्या पोटातून आलेला असतो, हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने मूठभर वाळू आईच्या हातावर ठेवून विचारले, ‘‘म्हणजे ही शी आहे?’’

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जाहिरातीतल्या चित्रांइतके रंगीत प्रवाळ सगळीकडे दिसतील अशी आशा धरू नका. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने आणि नंतर २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या समुद्राने इथल्या प्रवाळांचे फार नुकसान केले. पाणी जास्त तापले की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळासारखी रंगीत सूक्ष्म वनस्पती बाहेर टाकते आणि पांढरे पडते. काही ठिकाणी ते सावरते आहे, काही ठिकाणी नुसता सांगाडा आहे. त्यावर पाय देऊन उभे राहणारे पर्यटक पाहिले की चीड येते. इंचभर वाढायला त्याला वर्षे लागतात.

समुद्राच्या तळावर चालायचा ‘सी वॉक’ हा आणखी एक प्रकार आहे. खांद्यावर मोठे शिरस्त्राण ठेवतात, बोटीवरून नळीने हवा येते आणि डोके कोरडे राहते. चष्मासुद्धा काढावा लागत नाही. शहरासमोरच्या नॉर्थ बेला हीच सोय आहे. तिथले दीपगृह जुन्या तांबूस वीस रुपयांच्या नोटेच्या मागे होते. घरात एखादी नोट असेल तर मुलांना बरोबर घेऊन जाऊ द्या, जुळवून पाहायला मजा येते. ज्यांना ओलेच व्हायचे नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. तीत दाटीवाटीने बसून खाली वाकताना मळमळते, आणि इतक्या दूर येऊन समुद्र खिडकीतून पाहिल्यासारखे वाटते, हे आमचे मत.

तो फॉर्म नीट वाचा

पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल उतरण्याला स्कूबा म्हणतात. पोहता न येणाऱ्यांसाठी प्राथमिक स्वरूपाचा डाइव्ह असतो. एका माणसामागे एक प्रशिक्षक, आधी उथळ पाण्यात शिकवणी, मग दहा-बारा मीटरपर्यंत खाली. वय दहा वर्षे पूर्ण हवे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब वातावरणाच्या एका दाबाइतका वाढतो, म्हणून कान दुखू लागतात. दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालावी. त्याने कान मोकळे होतात. तरी दुखले तर खूण करून वर यायचे. ‘सगळे थांबलेत माझ्यासाठी’ असा विचार तिथे करू नये. सर्दी असेल तर उतरूच नये.

पाण्यात जाण्याआधी प्रकृतीविषयी एक फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब, फिट, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, सगळे त्यात विचारलेले असते. आम्ही गेलो त्या एका केंद्रावर पोऱ्याने कागद पुढे सरकवून फक्त सहीच्या जागेवर बोट ठेवले. ‘‘बाकी आम्ही भरतो,’’ म्हणाला. काकूंच्या मुलानेही हळूच सांगितले, ‘‘आई, तू सगळीकडे ‘नाही’ लिही. गोळी तर रोज घेतेसच. पैसे भरलेत आपण.’’

काकूंनी चष्मा लावला, कागद पूर्ण वाचला आणि रक्तदाबापुढे ‘होय’ लिहिले. ‘‘अरे, पाण्याखाली मला काही झालं, तर तो मुलगा काय करणार? त्याला ठाऊक तर हवं.’’ डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरता येणार नाही, असे मग प्रशिक्षकाने सांगितले. त्याचे तोंड थोडे उतरले, पण त्याने पैसे परत केले. काकूंच्या ऐवजी सून गेली. तिलाही पोहता येत नव्हते. चाळीस मिनिटांनी वर आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ती नुसती हातवारे करत होती.

काकू दुसऱ्या दिवशी एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगला गेल्या. त्याही आधी त्यांनी फोनवरून दिल्लीच्या डॉक्टरांना विचारून घेतले. घाई नको, दमायचे नाही आणि किनाऱ्याजवळच राहायचे या अटींवर त्यांनी होकार दिला. काकूंनी सुनेचा पूर्ण बाह्यांचा टी शर्ट आणि लेगिंग्ज घातल्या. साडी, ओढणी, घेरदार गाऊन यांपैकी काहीही अंगावर ठेवून पाण्यात जाऊ नये. कापड भिजून पायात गुंडाळले जाते आणि जॅकेटही नीट बसत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिथे कुणालाच पडलेला नसतो. सगळेच जण नारिंगी जॅकेटात भोपळ्यासारखे दिसत असतात.

पहिल्यांदा तोंड पाण्यात घातल्याबरोबर त्या ताडकन उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मार्गदर्शकाने त्यांचा हात धरला आणि त्या पंधरा मिनिटे वर आल्या नाहीत. मुलगा किनाऱ्यावर होता. चार चपलांचे जोड, टॉवेल आणि पाकिटे सांभाळत.

काहीच न करण्याचे दिवस

सगळ्यांनी सगळे केलेच पाहिजे असे नाही. शहीद द्वीप, म्हणजे जुने नील, हे निवांत बसायला सर्वांत चांगले. बेट लहान, रस्ते सपाट, सायकल भाड्याने घ्यावी आणि शेतांमधून भटकावे. अंदमानातली बरीचशी भाजी इथे पिकते. इथले किनारे रामायणातले, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. सीतापूरला सूर्योदय आणि लक्ष्मणपूरला सूर्यास्त. खडकांचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलात विचारून निघावे. खडक शेवाळलेले असतात, मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घालाव्यात. खळग्यांतल्या पाण्यात समुद्रकाकडी, खेकडे, तारामासे दिसतात. त्यांना हात लावू नये.

स्वराज द्वीपावर अमावास्येच्या आसपास रात्री खारफुटीतून कयाक चालवायला नेतात. वल्हे मारले की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही रात्र जन्मभर आठवेल.

नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर मुक्कामाची सोय नाही, पण अर्धा दिवस द्यावा. ब्रिटिशांचे मुख्यालय १९४१चा भूकंप आणि मग जपानी आक्रमण यांत उजाड झाले. आता चर्चच्या, बेकरीच्या, नृत्यगृहाच्या भिंतींना वडपिंपळाच्या मुळांनी कवटाळले आहे आणि त्यांतून हरणे फिरतात.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांची सहल बहुतेक सगळे एजंट सुचवतात. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ताफ्याने जावे लागते, गाडी थांबवणे, फोटो काढणे, खायला देणे यांना सक्त मनाई आहे. तरीही गाडीतली माणसे खिडकीला नाक लावून ‘दिसले का?’ म्हणून पाहत असतात. आम्ही ही सहल केली नाही आणि चुकल्यासारखेही वाटले नाही.

दिवसांचा हिशेब

सर्वांत मोठी चूक होते ती दिवस मोजताना. दिल्ली ते श्री विजयपुरम हे अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. सरळ विमान मिळाले नाही तर कोलकाता किंवा चेन्नईमार्गे जावे लागते आणि एक दिवस त्यात जातो. जहाजाने कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमहून जाता येते, पण तीन दिवस हाताशी हवेत. चार दिवसांत तीन बेटे दाखवणाऱ्या सहलीत निम्मा वेळ जेट्टीवर सामानाच्या रांगेत जातो. सात दिवस तरी हवेत, त्यांतला एक मोकळा.

हा मोकळा दिवस चैनीसाठी नव्हे. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे नौका बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना सोडवले. म्हणून परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र नेहमी शहरातच काढावी. स्कूबा केला असेल तर त्यानंतर किमान अठरा तास विमानात बसू नये. चोवीस तासांची सोय ठेवली तर उत्तम. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. परतीच्या सकाळी ‘पटकन एक डाइव्ह’ असे कुणी म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. मेच्या उत्तरार्धापासूनचा पाऊस आणि खवळलेला समुद्र टाळावा. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिल्लीसारखे नऊ वाजता उठून दहाला नाश्ता केला तर अर्धा दिवस गेला समजा. समुद्रही सकाळीच शांत असतो. श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप यांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र प्रत्येक जेट्टीवर दाखवावे लागते. छोट्या बेटांवर एटीएम मोजकी आहेत, मोबाइलही दगा देतो. रोख पैसे जवळ ठेवावेत. संध्याकाळी वाळूवर बारीक माश्या चावतात, पायांना खोबरेल तेल चोळून जावे. रोजची औषधे हातातल्या पिशवीत, दोन दिवसांची जास्त.

परत येताना मुलांच्या खिशांत वाळूवर सापडलेली प्रवाळे असतात, ती निघण्याआधी समुद्रात टाकायला लावा. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बाळगणे गुन्हा आहे. विमानतळावर सामान तपासताना ती हमखास सापडतात. शिंपल्यांच्या वस्तू दुकानातून घेतल्या असतील तर पावती पाकिटात ठेवावी.